स्फटिकाचा आकार कोण ठरवतो: ऊर्जा की वाढ?

प्रश्न असा आहे. पाण्याचा थेंब पृष्ठऊर्जा (पृष्ठभाग तयार करायला लागणारी ऊर्जा) कमी करण्यासाठी गोल होतो, मग मिठाचा स्फटिक चौकोनी का होतो? घनाकृती हाच त्याचा स्थिर आकार समजायचा का? आणि तसे असेल तर एकाच पदार्थाचे स्फटिक कधी सुईसारखे, कधी चकतीसारखे, कधी ठोकळ्यासारखे का निघतात?

मी बरीच वर्षे द्रावणातून स्फटिक वाढवण्यात आणि तापवलेल्या धातुकणांचे आकार मोजण्यात घालवली आहेत. या विषयातला सगळ्यात मोठा घोटाळा एकाच ठिकाणी होतो: हातात आलेला आकार आणि समतोलाचा आकार एकच मानला जातो. म्हणून आधी समतोलाचा आकार, म्हणजे ठरावीक घनफळाला सर्वांत कमी पृष्ठऊर्जेचा आकार, कसा असतो ते पाहू, मग हातातला स्फटिक त्याच्या किती जवळ असतो ते.

द्रवात रेणूंची ठरावीक दिशांची मांडणी नसते. पृष्ठभाग कोणत्याही दिशेने असो, दर चौरस मीटरला तेवढीच ऊर्जा लागते. त्यामुळे ऊर्जा कमी करायची म्हणजे क्षेत्रफळ कमी करायचे, आणि दिलेल्या घनफळाला सर्वांत कमी क्षेत्रफळ गोलाचे. स्फटिकात तसे नाही. कोणत्या दिशेने कापता त्यावर किती बंध तुटतात ते ठरते. सोने, शिसे, तांबे यांच्यात अणू घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर असतात, प्रत्येकाला १२ शेजारी. घनाच्या बाजूला समांतर कापले, म्हणजे १०० हा पैलू घेतला (असे आकडे पैलूची दिशा सांगतात), तर पृष्ठावरचा अणू ४ शेजारी गमावतो. कोपरा तिरका छाटून १११ पैलू काढला तर ३ गमावतो. पृष्ठावर अणू किती दाट बसले आहेत तेही धरून हिशेब केला, तर १०० ची पृष्ठऊर्जा १११ च्या सुमारे १.१५ पट येते. अशा वेळी थोडे जास्त क्षेत्रफळ पत्करून स्वस्त दिशा वापरणे परवडते. गोल मागे पडतो तो इथे.

मग कोणता पैलू किती मोठा? हे सांगणारा नियम वुल्फ यांनी १९०१ मध्ये मांडला. त्याआधी गिब्ज आणि प्येर क्युरी यांनी पृष्ठऊर्जेचा विचार पुढे आणला होता. वुल्फ यांच्या नियमाची काटेकोर सिद्धता मात्र इतरांनी नंतर दिली. नियम असा: समतोलाच्या स्फटिकात एक मध्यबिंदू असा असतो, की त्याच्यापासून प्रत्येक पैलूचे अंतर त्या पैलूच्या पृष्ठऊर्जेच्या प्रमाणात असते. महागडा पैलू केंद्रापासून लांब, आणि फारच लांब गेला तर इतर पैलू त्याला बाहेरच कापून टाकतात, तो दिसतच नाही.

हा नियम पाठ करण्यापेक्षा एका चौकोनी पेटीवर पडताळून पाहा. पेटीच्या वरच्या तोंडावर अणूंचा एक थर चढवला, तर वरचे क्षेत्रफळ वाढत नाही. ते होते तेवढेच राहते. वाढतात त्या बाजूच्या भिंती. म्हणजे वर थर चढवण्याचा खर्च वरच्या पैलूच्या ऊर्जेवर अवलंबून नसून शेजारच्या भिंतींच्या ऊर्जेवर अवलंबून असतो. हिशेब मांडला की दर घनफळामागे हा खर्च त्या दोन भिंतजोड्यांच्या 'पृष्ठऊर्जा भागिले केंद्रापासूनचे अंतर' या राशींची बेरीज निघतो. आता पेटी पातळ चकतीसारखी असेल तर वर थर चढवणे स्वस्त आणि कडेला चढवणे महाग, म्हणून अणू कडेवरून उठून वर जाऊन बसतात आणि चकती जाड होते. तिन्ही दिशांचा खर्च सारखा झाला की अणूंना हलण्याचे कारण उरत नाही. तीन राशींपैकी कोणत्याही दोघींची बेरीज सारखी यायची असेल, तर तिन्ही राशी सारख्या हव्यात. हाच वुल्फ यांचा नियम. मला हा युक्तिवाद भूमितीच्या रचनेपेक्षा जास्त आवडतो, कारण त्यात समतोलाकडे जाताना अणू नेमके कुठून कुठे जातात ते दिसते.

फक्त १०० आणि १११ हे दोनच पैलू धरले, तर उत्तर त्यांच्या ऊर्जांच्या गुणोत्तरावर येते. १११ ची ऊर्जा १०० च्या १.७३ पटीहून जास्त असेल तर निव्वळ घन, ०.५८ पटीहून कमी असेल तर निव्वळ अष्टफलक, आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही पैलू एकत्र. वरचा बंधांचा हिशेब ०.८७ देतो, म्हणजे कोपरे छाटलेला अष्टफलक. सोन्याच्या आणि शिशाच्या नीट तापवलेल्या कणांवर हेच दोन पैलू ठळक दिसतात, मात्र त्यांच्यामधले भाग गोलाईचे असतात.

ही गोलाई का, आणि सपाटपणा तरी का? सपाट पैलू किंचित कलवून पाहा. कललेला पृष्ठ म्हणजे सपाट भाग आणि मधूनमधून अणूभर उंचीच्या पायऱ्या. डावीकडे कलवा की उजवीकडे, पायऱ्या पडतातच आणि प्रत्येक पायरीला ऊर्जा लागते. त्यामुळे दिशेप्रमाणे पृष्ठऊर्जेचा आलेख काढला, तर पैलूच्या दिशेला त्यात गुळगुळीत दरी नसते, टोकदार खाच असते. या खाचेतूनच सपाट पैलू जन्माला येतो, आणि पायरीची ऊर्जा जितकी जास्त तितका तो मोठा.

आता तापमान वाढवा. पायरी सरळ रेषेत राहत नाही, वळवळते, आणि तिला वळवळण्याच्या असंख्य तऱ्हा असतात. एन्ट्रॉपीचा, म्हणजे अशा तऱ्हांच्या संख्येचा, हा वाटा तापमानाबरोबर वाढत जातो आणि पायरीची मुक्त ऊर्जा (ऊर्जेतून हा वाटा वजा करून उरणारी) घटत जाते. एका ठरावीक तापमानाला ती शून्य होते, खाच बुजते आणि तो पैलू नाहीसा होऊन तिथे गोलाई येते. याला रफनिंग संक्रमण म्हणतात. बर्टन आणि काब्रेरा यांनी १९४९ मध्ये ही कल्पना मांडली. एरो आणि मेत्वा यांनी १९८३ मध्ये ग्रॅफाइटवरचे सूक्ष्म शिशाचे कण सुमारे २०० ते ३०० अंश सेल्सियसमध्ये ठेवून पाहिले, तेव्हा तापमान वाढेल तसे पैलू आकसत जाताना दिसले. शिसे वितळते ३२७ अंशांना, म्हणजे हे सगळे घन अवस्थेतच घडते.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण हेलियम-४ चे. तो २५ वातावरणांहून जास्त दाबाखालीच गोठतो आणि त्याच्या भोवती अतिप्रवाही (घर्षणाशिवाय वाहणारा) द्रव हेलियम असतो. उष्णता आणि द्रव्य वाहून नेण्याला जवळजवळ अडथळाच नाही, त्यामुळे मिलिमीटरभर मोठा स्फटिकही पाहता पाहता समतोल गाठतो. त्याचा पहिला पैलू सुमारे १.३ केल्विनला उमटतो, दुसरा ०.९ च्या आसपास, तिसरा ०.३६ च्या आसपास. १.३ केल्विनच्या वर तो निव्वळ थेंबासारखा गुळगुळीत असतो, तरी आतून पूर्ण स्फटिक. अँड्रीव्ह आणि पार्शिन यांनी १९७८ मध्ये भाकीत केले की अशा स्फटिकाच्या पृष्ठावर वितळण्या-गोठण्याच्या लाटा उठतील, पाण्यावर उठतात तशा. आणि पुढच्याच वर्षी त्या प्रयोगात दिसल्या. स्फटिक म्हणजे सपाट बाजूंची वस्तू, ही समजूत माझ्या मनातून खऱ्या अर्थाने गेली ती हेलियमविषयी शिकल्यावर.

आता तुमच्या मिठाकडे. तो चौकोनी स्फटिक समतोलाचा आहे का? याचा अंदाज एका सोप्या हिशेबाने येतो. आकार सुधारण्याची ओढ दर अणूमागे साधारण 'दोन पट पृष्ठऊर्जा गुणिले अणूचे घनफळ, भागिले स्फटिकाची त्रिज्या' एवढी असते. पृष्ठऊर्जा १ जूल प्रति चौरस मीटर आणि अणूचे घनफळ ०.०२ घन नॅनोमीटर धरा. त्रिज्या १० नॅनोमीटर असेल तर ही ओढ खोलीच्या तापमानाच्या उष्णऊर्जेएवढी भरते. १ मायक्रोमीटरला ती तिच्या १ टक्क्यावर येते आणि १ मिलिमीटरला ०.००१ टक्क्यावर. म्हणजे द्रावणाची अतिसंपृक्तता (समतोलात विरघळून राहील त्यापेक्षा जास्त असलेला पदार्थ) ०.००१ टक्क्याहून जास्त असली, की मिलिमीटरच्या स्फटिकावर पृष्ठऊर्जेचा आवाज ऐकूच येत नाही. पाण्यातल्या क्षारांची पृष्ठऊर्जा यापेक्षाही कमी असते, तेव्हा हे आकडे आणखी खाली जातात. भांडे उघडे ठेवून बाष्पीभवनाने वाढवलेल्या स्फटिकात अतिसंपृक्तता याच्या शेकडो-हजारो पट असते. तिथे आकार ठरवते वाढ.

वाढ आकार कसा ठरवते? जो पैलू भरभर पुढे सरकतो तो शेजाऱ्यांमध्ये आक्रसत जाऊन संपतो; जो हळू सरकतो तो मोठा होतो आणि शेवटी तोच उरतो. भूमिती वुल्फ यांच्या रचनेसारखीच, फक्त पृष्ठऊर्जेच्या जागी वाढीचा वेग. म्हणूनच सपाट, आरशासारखे पैलू दिसले की समतोल आला असे मानणे चूक आहे. वाढीचे आकारही तितकेच रेखीव असतात. मीठ साध्या पाण्यातून घनाकार येते, पण पाण्यात युरिया असेल तर अष्टफलक येतात. रोमे द लिल यांनी १७८३ मध्येच हे नोंदवले होते. परकी द्रव्ये पैलूंवर बसून त्यांचा वेग बदलतात, त्यांची पृष्ठऊर्जाही बदलतात, आणि यातले काय किती हे निव्वळ अंतिम आकार पाहून सांगता येत नाही. तुमच्या सुया, चकत्या आणि ठोकळे यांचे उत्तर इथे आहे: एकच पदार्थ, पण प्रत्येक वेळी वाढीची परिस्थिती निराळी. पैलूंमधले कोन मात्र सगळ्यांत तेच राहतात, कारण ते आतल्या जाळीने ठरतात. पैलूंचे आकारमान बदलते, दिशा बदलत नाहीत. हिमकण तर याचे टोक. त्याच्या सहा फांद्या समतोलाच्या जवळपासही नसतात. पुढे आलेल्या टोकाला बाष्प जास्त मिळते म्हणून ते आणखी पुढे जाते. मलिन्स आणि सेकेर्का यांनी १९६३-६४ मध्ये ही अस्थिरता गणिताने दाखवली.

बरे, वाढ थांबवली आणि स्फटिक संपृक्त द्रावणात किंवा भट्टीत नुसता ठेवून दिला, तर तो समतोलाला येईल का? इथे वेळेचा प्रश्न येतो. अणू पृष्ठावरून सरपटत आकार सुधारतात तेव्हा लागणारा वेळ त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. समजा १०० नॅनोमीटरच्या कणाला एक मिनिट लागते. मग त्याच तापमानाला १ मायक्रोमीटरला सुमारे एक आठवडा, १० मायक्रोमीटरला १९० वर्षे आणि १ मिलिमीटरला १९ अब्ज वर्षे, म्हणजे विश्वाच्या वयाहून जास्त. मापन नेहमी मायक्रोमीटरच्या आतबाहेरच्या कणांवर होते ते यामुळेच.

आणखी एक अडचण आहे, आणि मला वाटते तिच्याकडे दुर्लक्ष होते. पूर्ण सपाट पैलूवर नवा थर सुरू करायचा तर आधी अणूंचे एक लहान बेट जमावे लागते, आणि बेटाच्या कडेची पायरी ऊर्जा मागते. स्क्रू विस्थापनासारखा (अणूंचे थर गोल जिन्यासारखे चढत जातात असा) दोष असेल तर त्याच्या पायरीवर थर आपोआप वाढतो. दोष नसेल तर पैलू पुढे सरकतच नाही, ऊर्जा कमी होणार असूनही. निर्दोष कण म्हणूनच कधी कधी चुकीच्या आकारात वर्षानुवर्षे अडकून राहतात. एकदा मी चपट्या कणांची एक खेप भट्टीतून दोनदा काढून मोजली, दोन्ही वेळा तोच आकार आला, आणि तोच समतोल असे समजून मी पृष्ठऊर्जांचे गुणोत्तरही काढले. नंतर त्याच तापमानाला लांबट कणांपासून सुरुवात केली तर तेही लांबटच राहिले. आकार बदलत नाही याचा अर्थ फक्त 'बदलत नाही' एवढाच निघतो. तेव्हापासून माझी कसोटी एकच: दोन विरुद्ध बाजूंनी या. चपट्यापासून आणि लांबट्यापासून, किंवा थोडे वाढवून आणि थोडे विरघळवून. दोन्ही वाटा एकाच आकाराला आल्या तर तो समतोल. स्फटिकाच्या आत अडकलेल्या द्रवाच्या सूक्ष्म पोकळ्या ही कसोटी कधी कधी आपोआप पार करतात. त्या बंद असतात, आतले द्रावण संपृक्त होऊन बसते, आणि दीर्घकाळात पोकळीलाच पैलू पडतात, जणू आतून कोरलेला स्फटिक.

आता 'स्थिर' या शब्दाबद्दल. समतोल आणि स्थिरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समतोल म्हणजे ओढ शून्य. स्थिर म्हणजे थोडे ढकलल्यावर परत येणे. हे हाताने अनुभवायचे असेल तर ५ सेंटीमीटर त्रिज्येची तारेची दोन कडी साबणाच्या पाण्यात बुडवून त्यांच्यामध्ये पडदा ताणा आणि कडी हळूहळू दूर न्या. पडदा मध्ये कमरेसारखा आत जातो. सुमारे ५.३ सेंटीमीटर अंतरापर्यंत हा आकार सर्वांत कमी क्षेत्रफळाचा असतो. त्यापुढे दोन कड्यांवरच्या दोन सपाट चकत्यांचे एकूण क्षेत्रफळ कमी भरते, तरीही पडदा तुटत नाही. चकत्यांकडे जायचे तर कंबर आणखी आवळावी लागते, आणि त्या वाटेवर आधी चढ आहे. ही अर्धस्थिर अवस्था. अंतर ६.६ सेंटीमीटरला पोचले की तो चढ संपतो, समतोलाचा आकारच उरत नाही, आणि पडदा क्षणात कोसळतो. ५.३ आणि ६.६ यांच्यामधल्या पट्ट्यात एक हलकी फुंकरही निकाल बदलू शकते.

द्रवाच्या लांब धारेचेही असेच. सिलिंडरच्या पृष्ठावर सगळीकडे दाब सारखा, म्हणून तो समतोलात आहे. पण परिघापेक्षा लांब तरंगलांबीची कोणतीही लाट त्याचे क्षेत्रफळ कमी करते, म्हणून धार थेंबांत तुटते. प्लातो यांनी ही मर्यादा दाखवली आणि रॅली यांनी सर्वांत वेगाने वाढणारी लाट काढली: त्रिज्येच्या सुमारे ९ पट. घन तारेत अणू पृष्ठावरून सरपटतात तेव्हा हा आकडा सुमारे ८.९ येतो, निकोल्स आणि मलिन्स यांनी १९६५ मध्ये तो मिळवला. म्हणूनच धातूच्या नॅनोतारा वितळणबिंदूच्या कितीतरी खाली तापवल्या तरी मण्यांच्या माळेसारख्या तुटतात. पैलूदार तारेत पैलूंची खाच या लाटांना विरोध करते, त्यामुळे ती समान जाडीच्या गुळगुळीत तारेपेक्षा जास्त तग धरू शकते.

स्फटिकाच्या पृष्ठाची स्वतःचीही अशी अस्थिरता असते. महागड्या दिशेने कापून घासून सपाट केलेला पृष्ठ तापवला, तर तो डोंगरदऱ्यांसारख्या चिमुकल्या पैलूंत मोडतो. क्षेत्रफळ वाढते, पण स्वस्त दिशा मिळाल्याने एकूण ऊर्जा घटते. हेरिंग यांनी १९५१ मध्ये याचा नेमका निकष दिला: समतोलाच्या आकारात जी दिशा दिसत नाही, तिचा सपाट पृष्ठ टिकून राहणे ऊर्जेला परवडत नाही. न मिसळणारे दोन द्रव वेगळे होतात, त्यातलीच ही गोष्ट. फक्त इथे घटकांच्या जागी दिशा वेगळ्या होतात.

आणि शेवटी वुल्फ यांच्या आकाराची स्वतःची स्थिरता. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अतिसंपृक्त द्रावणात तरंगणारा तो आकार ठरावीक घनफळाला सर्वांत कमी ऊर्जेचा आहे. पण घनफळ ठरावीक राहील हे कोणी बघितले? लहान असेल तर तो विरघळतो, मोठा असेल तर वाढतो, आणि नेमक्या मधल्या आकारमानाला तो डोंगरातल्या खिंडीत उभा असतो: डावी-उजवीकडे चढ, पुढे-मागे उतार. आकार बदलायला गेलात तर ऊर्जा वाढते, आकारमान बदलायला गेलात तर कमी होते. या खिंडीची उंची त्याच्या एकूण पृष्ठऊर्जेच्या बरोबर एक तृतीयांश असते, गोल असो की पैलूदार. द्रावणाचा साठा मोठा असेल तोवर असा स्फटिक समतोलात असूनही स्थिर नसतो. साठा लहान आणि बंद असेल तर स्फटिक वाढताना द्रावण पातळ होत जाते, ओढ कमी होते आणि एक स्फटिक स्थिर राहू शकतो. दोन स्फटिक मात्र नाही; मोठा धाकट्याला हळूहळू खाऊन टाकतो.

तेव्हा तुमच्या मिठाच्या स्फटिकाला खरेच समतोलाला आणायचे असेल, तर मायक्रोमीटरभराचे कण घ्या, संपृक्त द्रावणाच्या बंद कुपीत ठेवा, आणि तापमान स्थिर राखा. तापमान थोडेही खालीवर झाले की कण आळीपाळीने विरघळतो आणि वाढतो, आणि मग तुम्ही मोजत असता ते पुन्हा वाढीचेच आकार. दोन निरनिराळ्या सुरुवातींपासून आलेल्या कणांचे पैलू मोजा. ते जुळले, तर केंद्रापासूनच्या अंतरांच्या गुणोत्तरातून तुम्हाला त्या द्रावणातल्या पृष्ठऊर्जांचे गुणोत्तर थेट मिळेल.